क्योटोतला एक दिवस: आमची खासगी सहल, बुक करण्याआधी वाचावं असं थोडं

नमस्कार,

बुकिंगसाठी जो पहिला मेसेज येतो त्यात बहुतेक वेळा एक यादी असते. किंकाकु-जी, गिंकाकु-जी, कियोमिझु, फुशिमी इनारी, आराशियामाचं बांबूचं बन, निजो किल्ला, गियॉन आणि जमलं तर नाराची हरणं. खाली एक ओळ: "एका दिवसात होईल ना?"

नाही होणार. आम्ही दिवसाला चार ठिकाणं करतो. फार तर पाचवं, तेही वाटेवर असेल तर.

सुरुवातीला आम्हीही सात-सात करायचो. एकदा संध्याकाळी हॉटेलवर सोडताना एका आजींनी विचारलं, "ते सोन्याचं देऊळ कुठलं आणि ते तळ्यातलं कुठलं?" दोन्ही एकच होतं, किंकाकु-जी. त्या दिवसापासून यादी छाटायला लागलो.

अडचण नकाशाची आहे. क्योटो तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे आणि नावाजलेली देवळं बरीचशी त्या डोंगरांच्या पायथ्याशी, म्हणजे शहराच्या कडेकडेला आहेत. फुशिमी इनारी आग्नेयेला, किंकाकु-जी वायव्येला, आराशियामा पार पश्चिमेला. मधे सिग्नल आणि बसची गर्दी. त्यात बहुतेक देवळांचे दरवाजे साडेचार-पाचला बंद होतात आणि तिकीट त्याच्याही आधी थांबतं. ७९४ साली राजधानी झालेलं आणि हजारेक वर्षं राजधानी राहिलेलं हे शहर आहे. इथली आणि आसपासची १७ ठिकाणं १९९४ साली युनेस्कोच्या यादीत गेली. ती सगळी बघायची तर आठवडा काढून या.

आमचा नेहमीचा दिवस

सकाळी सव्वासहाला हॉटेलवरून निघतो. नाकं मुरडली जातात, माहीत आहे. पण फुशिमी इनारी चोवीस तास उघडं असतं, तिकीट नाही, आणि नऊनंतर तिथे पंढरीची वारी असते. पहाटे त्या शेंदरी कमानींखालून चालताना आपल्या पावलांचा आवाज येतो. या कमानींना तोरीई म्हणतात. डोंगरभर मिळून त्या दहा हजारांच्या आसपास आहेत, आणि बऱ्याचशा दुकानदारांनी, कंपन्यांनी वाहिलेल्या आहेत. वर जाताना खांब कोरे दिसतात. उतरताना बघा: देणाऱ्याचं नाव आणि तारीख त्याच बाजूला कोरलेली असते. इनारी हे भाताचं, धान्याचं दैवत आणि कोल्हे त्याचे दूत. कुणा कोल्ह्याच्या तोंडात किल्ली, कुणाच्या तोंडात भाताची लोंबी. मुलांना आम्ही हेच शोधायला लावतो, म्हणजे चढ जाणवत नाही. डोंगर २३३ मीटरचा आहे. शिखरापर्यंत जाऊन यायला दोन तास लागतात. आम्ही अर्ध्यावरच्या चौकापर्यंत नेतो, तिथून शहर दिसतं.

तिथून सांजूसांगेन-दो. आमच्या मते मराठी माणसाने क्योटोत एकच देऊळ बघायचं ठरवलं तर ते हे. ११६४ साली बांधलं, जळालं, १२६६ साली पुन्हा उभं राहिलं. लाकडी दालन सुमारे १२० मीटर लांब आहे. आत सहस्रभुज कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती: मधे एक मोठी बसलेली, दोन्हीकडे पाचपाचशे उभ्या. हात मोजलेत तर हजार भरणार नाहीत. जोडलेले दोन सोडून चाळीस असतात, आणि प्रत्येक हात पंचवीस लोकांचं (भूलोक, स्वर्गलोक या अर्थाने) रक्षण करतो असा हिशेब आहे.

पण आम्ही थांबतो ते पुढच्या रांगेशी. तिथे कान्नोनचे अठ्ठावीस रक्षक उभे आहेत. ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. बोनतेन म्हणजे ब्रह्मदेव. चोच असलेला, पंख असलेला, बासरी वाजवणारा कारुरा म्हणजे आपला गरुड. काठी टेकून उभा असलेला, हाडं दिसणारा म्हातारा म्हणजे वसू ऋषी. दोन टोकांना खांद्यावर वाऱ्याची पिशवी घेतलेला वायुदेव आणि ढोलांचं कडं पाठीशी घेतलेला मेघगर्जनेचा देव. चीनमार्गे आलेली ही मंडळी इथे चिलखतं घालून उभी आहेत. आत फोटो काढू देत नाहीत. त्यामुळे लोक खरंच बघतात.

मग तो-जी. इथला पाच मजली पॅगोडा सुमारे ५५ मीटर उंच आहे, जपानमधल्या लाकडी पॅगोडांत सर्वांत उंच. ८२३ साली हे देऊळ कूकाई नावाच्या भिक्षूकडे आलं. त्याने चीनहून तंत्रमार्गी बौद्ध धर्म आणला आणि त्याच्याबरोबर मंत्रांची लिपी, सिद्धम्. ती देवनागरीची जुनी नातलग. इथे पाट्यांवर, मूर्तींजवळ एखादं अक्षर ओळखीचं वाटलं तर तो भास नाही. व्याख्यान-दालनात २१ मूर्तींचा मंडल आहे, त्यात हत्तीवर बसलेला इंद्र आणि हंसांवर बसलेला चार तोंडांचा ब्रह्मदेव. महिन्याच्या २१ तारखेला आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तुमचा दिवस तोच असेल तर खरेदीला तासभर राखून ठेवा, आम्ही अडवणार नाही.

दुपारी किंकाकु-जी. मूळ वास्तू १३९७ सालची, १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने पेटवून दिली, आज दिसते ती १९५५ सालची. गर्दी असते, अर्ध्या-पाऊण तासात होतं. पाय धरले असतील तर त्याऐवजी जवळच्या र्‍योआन-जीच्या ओसरीवर बसा. समोर वाळूत पंधरा दगड आहेत, आणि कुठेही बसलात तरी एखादा लपतोच.

कियोमिझुच राहिलं, असं बरेच जण म्हणतात. ते सकाळी सहाला उघडतं, तेव्हा फुशिमीच्या जागी घेता येईल. दोन्ही पहाटेच हवं असेल तर दोन दिवस घ्या, पहाट एकच असते. आणि हे लक्षात ठेवा की गाडी वरपर्यंत जात नाही, दहा-पंधरा मिनिटांचा चढ चालावा लागतो.

जेवण

इथे आम्ही गोड बोलत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, आणि दाशी बहुतेक ठिकाणी बोनिटो माशाची असते. मिसो सूप, टेंपुराबरोबरची चटणी, नूडलचं पाणी, अगदी भाज्यांच्या उकडीतही ती असते. वेटर "मीट नाही" म्हणाला म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला असं नाही. भिक्षूंच्या परंपरेतलं शोजिन र्‍योरी मात्र खरंच शाकाहारी, दाशी समुद्रशेवाळाची, आणि परंपरेने कांदा-लसूणही नाही. जैन कुटुंबांना आम्ही तिकडेच नेतो. त्याला आधी बुकिंग लागतं, म्हणून तुमचा शाकाहार नेमका कोणता ते आधी कळवा: अंडं चालतं का, कांदा चालतो का, त्या दिवशी चतुर्थी आहे का. उपासाला थंडीत भाजलेलं रताळं मिळतं, फार गोड असतं.

गाडी आणि पैसे

दर गाडीमागे आहे, माणशी नाही. सहा जणांपर्यंत एक गाडी, सामान असेल तर चौघं सुखाने. गाडी, चालक, पेट्रोल, टोल, पार्किंग आणि मराठी बोलणारा गाईड एवढं आमच्याकडे. देवळांचं तिकीट आणि जेवण तुमचं. तिकीट बहुतेक ठिकाणी ५००-६०० येनच्या घरात असतं आणि रोख लागतं.

एक गोष्ट कुणाकडूनही गाडी घेताना तपासा: भाड्याने प्रवासी नेणाऱ्या परवानाधारक गाडीची नंबरपाटी हिरवी असते. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडेल, पण ती बहुतेक वेळा बेकायदा टॅक्सी असते, आणि अपघात झाला तर विम्याचं काय, हा प्रश्न उरतोच.

सोबत काय

पटकन निघतील असे बूट आणि न फाटलेले मोजे. चपला बाहेर ठेवायची सवय आपल्याला आहेच, पण जानेवारीत इथली लाकडी फरशी बर्फासारखी लागते. एक पिशवी, कारण रस्त्यावर कचराकुंड्या जवळजवळ नाहीत. गियॉनच्या खासगी गल्ल्यांत पाटी असेल तिथे शिरू नका, आणि गेइको-माइको (पारंपरिक नाच-गाण्याच्या कलावंत) दिसल्या तर कॅमेरा घेऊन मागे लागू नका. देवळात (बौद्ध) टाळ्या वाजवत नाहीत, नुसते हात जोडायचे. शिंतो देवस्थानात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं.

कधी यावं

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. लाल पानं नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत आलात तर बहुतेक वेळा झाडं हिरवीच. मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांनी पहिला आठवडा टाळावा, तेव्हा अख्खं जपान सुट्टीवर असतं. जून-जुलैत पाऊस, तो तुम्हाला नवा नाही. ऑगस्टमध्ये ज्येष्ठांना आणू नका, पारा पस्तिशी ओलांडतो.

बुक करताना एवढं लिहा: तारीख, हॉटेल, किती जण, प्रत्येकाचं वय, कुणाचे गुडघे दुखतात, कोण काय खात नाही. ओसाकात मुक्काम असेल तर ओसाका स्टेशनवरून जलद लोकलने अर्ध्या तासात क्योटो स्टेशनला या, आम्ही तिथून घेतो. यादी पाठवलीत तरी चालेल. त्यातली चार आम्ही निवडून पाठवू, पटली नाहीत तर बदलू.