‘पैशापुढं कुणी कुणाचं नसतं’ हे अर्थशास्त्र नाही

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचं माप होईपर्यंत बसलं, की कुणीतरी म्हणतंच: पैशापुढं कुणी कुणाचं नसतं, अर्थशास्त्रही तेच सांगतं. नाही सांगत.

बिल फाडलं जातं अर्थशास्त्राचा जनक मानल्या जाणाऱ्या अॅडम स्मिथच्या नावावर. खाटीक, पाववाला आपल्या फायद्यासाठीच माल विकतात, असं त्यानं १७७६ मध्ये लिहिलं, हे खरं. पण १७५९ मधल्या ग्रंथाची सुरुवातच तो अशी करतो: माणूस कितीही स्वार्थी धरला, तरी दुसऱ्याचं सुख त्याला हवं असतं, बघण्याच्या आनंदापलीकडे त्यातून काही मिळत नसलं तरी. हे वाक्य सोयीनं गाळलं जातं.

१९८२ मध्ये जर्मनीत वेर्नर ग्युथ आणि सहकाऱ्यांनी एक खेळ मांडला. एकानं रक्कम वाटायची, दुसऱ्यानं होकार किंवा नकार द्यायचा; नकार आला तर दोघंही कोरडे. नुसता हिशेब पाहिला तर रुपया दिला तरी घ्यावा. प्रत्यक्षात पुढच्या अनेक प्रयोगांत लोकांनी शंभरातले चाळीस-पन्नास देऊ केले, आणि विसाच्या आतली रक्कम पुष्कळांनी नाकारली. एवढं देणं नकाराच्या भीतीपोटी असेल, म्हणून काही प्रयोगांत दुसऱ्याचा नकाराचा हक्कच काढला. देणं घटलं, शून्यावर आलं नाही.

आपल्याकडं सावडीत, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबण्यात, फेडीचा हिशेब असतोच. पण कर्ता माणूस गेलेल्या घरची पेरणी गाव उरकून देतं, तिथं कोण मांडतो? आणि भावकीतल्याला जामीन राहून स्वतःच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून घेणारेही इथलेच.