छाती हलतेय, मग माणूस गेला कसा?

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. सांगली-सोलापूरकडून, पलीकडच्या कर्नाटकातूनही पेशंट इथं येतात. अपघातात डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाचे नातेवाईक आयसीयूबाहेर ताटकळलेले असतात आणि डॉक्टर सांगतात, ‘ब्रेन डेड’. ऐकणाऱ्याला वाटतं, कोमाच की! आज ना उद्या शुद्धीवर येईल. ही खोटी आशा फार छळते.

कोमातला मेंदू जिवंत असतो. ब्रेन डेथमध्ये मेंदूस्तंभ, म्हणजे श्वास चालवणारा मेंदूच्या बुडाचा भाग, कायमचा बंद पडलेला असतो. छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. हृदयाचे ठोके हृदयातच उमटतात, त्यामुळे ऑक्सिजन मिळतोय तोवर तेही काही काळ चालतं. कधी कधी बोटंसुद्धा हलतात आणि आईचा जीव खालीवर होतो. पण ती हालचाल मज्जारज्जूतून आलेली असते.

डॉक्टर डोळ्यांवर टॉर्च मारतात, बुबुळाला कापूस लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात. काहीच प्रतिसाद आला नाही तर अ‍ॅप्निया टेस्ट. नळीतून ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मेंदूस्तंभात जराशी जरी धुगधुगी असली, तरी छाती आपोआप उचलली जाते. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार हे सगळं किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा होतं आणि चार डॉक्टरांच्या सह्या लागतात. एवढी कडक तपासणी असते, हे घरच्यांना कुणीतरी शांतपणे बसून सांगायलाच हवं.

घरच्यांनी अवयवदानाला संमती दिली की अवयव कुणाला द्यायचे ते प्रतीक्षायादीवरून ठरतं. सातारा-सांगली भागासाठी ते काम पुण्याची झेडटीसीसी, म्हणजे अवयववाटपाचा मेळ घालणारी विभागीय संस्था, पाहते.

किडनी घेणाऱ्याच्या कानावर पुढं ‘क्रॉसमॅच’ पडतं. त्याच्या रक्तातला द्रव दात्याच्या पेशींवर घालून पाहतात. इथं ‘पॉझिटिव्ह’ ही वाईट बातमी. त्या किडनीवर तुटून पडणारी प्रतिद्रव्यं रक्तात आधीच आहेत. नवी किडनी ओटीपोटात बसवतात, जुन्या बहुधा तशाच ठेवतात.

‘रिजेक्शन’ म्हणजे किडनी गेलीच, असं मात्र समजू नका. प्रतिकारशक्ती परक्या अवयवावर उठते, तिला आवरायला टॅक्रोलिमससारख्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. रिजेक्शन पुष्कळदा दुखत-खुपत नाही. नुसतं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, वाढतं. मग बायोप्सीनं, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासून, खात्री करतात आणि वेळेत सापडलं तर स्टेरॉइडचे डोस देऊन बऱ्याचदा किडनी सावरते.