गोळी जास्त होणं वेगळं, गोळी बाधणं वेगळं

फिटची गोळी सुरू होऊन पंधरा दिवस झाले की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘गोळी गरम पडली वाटतं.’ चक्कर आली तरी हेच, अंगावर पुरळ उठलं तरी हेच. मग गोळी परस्पर बंद. खरं तर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी गोळी जास्त होण्याचं बघू. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध घेणारा माणूस. सकाळी आठला गोळी, साडेनऊला स्टॉपवर. समोरून येणाऱ्या बसचे नंबर दोन दिसतात. एक डोळा झाकला की एकच. दुपारपर्यंत सगळं जागेवर. रक्तातली औषधाची पातळी तेवढ्या वेळापुरती वर चढली, इतकंच झालेलं असतं. या त्रासाला घड्याळ असतं. गोळी किती वाजता, त्रास किती वाजता, ओसरला कधी, हे आठवडाभर कॅलेंडरवर लिहून डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा दिवसाचा डोस तोच ठेवून हळूहळू विरघळणारी गोळी दिली, किंवा डोस विभागला, की भागतं. फिटवरचा ताबाही सुटत नाही.

फेनिटॉइन, म्हणजे आपली एप्टॉइन, मात्र चकवते. 1938 पासून फिटसाठी ओळखीचं औषध, पण शरीर ते एका मर्यादेपर्यंतच निपटू शकतं. म्हणून 300 मिलिग्रॅमचे 400 केले की पातळी तिसऱ्या हिश्शानेच वाढेल असं नाही, ती दुपटीपुढेही जाऊ शकते. साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही ठीक पातळी. त्यावर गेली की बुबुळं थरथरतात, आणखी वर गेली की चालताना झोकांड्या जातात, आणि लोक म्हणतात, प्यायलाय. इथे रक्ततपासणी करून डोस उतरवायचा असतो. गोळी एकदम तोडली तर फिटवर फिट येऊ शकते, आणि पाच मिनिटांत न थांबणारी फिट जिवावर बेतते.

गोळी बाधणं म्हणजे प्रतिकारशक्तीच बिथरणं. नेहमीच्या डोसवरही ती बिथरते, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. पुरळ, त्यात ताप, तोंडात फोड, लाल डोळे, सुजलेला चेहरा किंवा गाठी दिसल्या तर कॅलेंडर बाजूला ठेवा. पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना गाठा. रात्र असेल तर गोळ्यांची पट्टी घेऊन थेट कॅज्युअल्टी. हे पुढे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे कातडी सोलवटून निघते. तिथे औषध थांबवतात, पण फिट आवरायला दुसरं देऊन. घरी नुसतं बंद करून बसलं की हे दुसरं औषध द्यायचंच राहून जातं. प्रत्येक पुरळ इतकं वाईट नसतं, घामोळंही असू शकतं. पण फोटो बघून निवाडा करणाऱ्या मावशीवर हे सोपवू नये.

लॅमोट्रिजिन या फिटच्या आणखी एका औषधाने ही वाटणी थोडी बिघडवली आहे. तिथे पुरळाचा धोका डोस किती झपाट्याने वाढवला यावरही ठरतो. म्हणून सुरुवात 25 मिलिग्रॅमने, आणि सोबत व्हॅल्प्रोएट हे फिटचं दुसरं औषध असेल तर तीही दिवसाआड. ‘फरक पडत नाही’ म्हणून आपणहून दोन गोळ्या घेणारे इथेच फसतात.

बाधलेल्या औषधाचं नाव फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही एकमेकांची भावंडं. एक बाधलं तर दुसरंही बाधू शकतं, आणि नव्या डॉक्टरांना ते सांगणारं घरात दुसरं कुणी नसतं.