सोलापुरात अटक झाली तर मोफत वकील कसा मागायचा

पोलीस कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारण्यात पहिला रिमांड (कोठडी ठरवण्यासाठी न्यायालयापुढची हजेरी) होऊन जातो.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीत असणं हीच पात्रता. महिला, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्नाची अट नाही. म्हणजे विडी वळणारी बाई किंवा कारखान्यातला यंत्रमाग कामगार नुसत्या नोटिशीवर बोलावला गेला, तरी अर्ज करू शकतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा आहे.

अर्ज जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. बार्शी, पंढरपूरकडच्यांनी तिथल्या तालुका समितीकडे. साधा कागद चालतो: 'माझा मुलगा अमुक, यास अमुक तारखेला इतक्या वाजता अमुक पोलीस ठाण्यात नेले. गु.र.नं. व कलमे अशी. वकील मिळावा.' गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. वेळ नक्की लिहा. सोबत तुमच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि मिळाली तर एफआयआरची प्रत जोडा. ती बहुतेक गुन्ह्यांत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील प्रकरणांत नाही. वकालतनाम्यावर (वकिलाला आपल्या वतीने उभं राहण्याचा अधिकार देणारा कागद) सही मात्र आरोपीचीच लागते. सुट्टीचा दिवस असेल तर 15100 या हेल्पलाइनला फोन लावा.

वेळेवर एवढा जोर का? संविधानाच्या अनुच्छेद 22 नुसार, प्रवासाचा वेळ सोडून, अटकेपासून 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. 'चौकशीला आणलंय' म्हणत अटक उशिराची दाखवली, तर तुमची नोंद वकिलाच्या कामी येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 प्रमाणे अटकेचा मेमो (अटकेची लेखी नोंद) होतो, त्यावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही असते. सही करण्याआधी तारीख-वेळ वाचा. कोऱ्या कागदावर सही नकोच.

सोलापूरकरांनी विशेष लक्ष द्यावं अशी गोष्ट भाषेची. अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत, लेखी, रिमांडला नेण्याच्या किमान 2 तास आधी द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये मिहिर शहा प्रकरणात स्पष्ट केलं. पूर्व भागातल्या ज्याला फक्त तेलुगू कळतं किंवा अक्कलकोटकडच्या ज्याला कन्नडच येतं, त्याच्या हातात मराठी कागद ठेवला तर ती हरकत रिमांडलाच घ्यावी.

चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्णवेळ शेजारी बसवता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती अनुच्छेद 20(3) मुळे करता येत नाही.

एवढं करूनही वकील पोचला नाही, तर आरोपीने स्वतः न्यायालयात सांगावं: 'साहेब, मला वकील नाही, सरकारी खर्चाने द्या.' मारहाण झाली असेल तर तेही तिथेच, त्याच वेळी.