फुटबॉलपटूंचे गुडघ्याचे स्नायुबळ आणि दुखापती

गुडघा सरळ करणाऱ्या व वाकवणाऱ्या स्नायूंची ताकद, या दोन गटांतील समतोल आणि डाव्या-उजव्या पायांतील फरक यांचा फुटबॉल खेळताना होणाऱ्या दुखापतींशी असलेला संबंध. क्रीडावैद्यकात यावर विपुल संशोधन झाले असले, तरी त्यातून निघालेले निष्कर्ष एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत.

गुडघ्याला हाडांच्या घडणीतून फारसे स्थैर्य मिळत नाही. मांडीच्या हाडाची गोलसर टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. त्यांना जागेवर राखतात ते हाडांना हाडांशी जोडणारे अस्थिबंध, कूर्चेच्या चकत्या आणि भोवतालचे स्नायू. मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स हा चार स्नायूंचा गट गुडघा सरळ करतो. चेंडू मारताना, उडी घेताना त्याचा जोर लागतो. मागच्या बाजूचे तीन हॅमस्ट्रिंग गुडघा वाकवतात, पण मैदानावर त्यांचे खरे काम ब्रेकचे आहे. भरधाव धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा तो जमिनीला टेकण्याच्या जरा आधी हॅमस्ट्रिंग स्वतः ताणले जात असतानाच नडगीला आवर घालतात. लांबत असताना जोर लावण्याच्या या क्रियेला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. धावताना हॅमस्ट्रिंग बहुधा याच टप्प्यात फाटतो, आणि तिघांपैकी बाहेरच्या अंगाचा बायसेप्स फिमोरिस सर्वाधिक वेळा.

नडगी पुढे सरकू न देणे हे गुडघ्याच्या आतील एसीएल (अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट) या अस्थिबंधाचे काम. गुडघा जवळजवळ सरळ असताना क्वाड्रिसेप्स नडगीला पुढे खेचतो. हॅमस्ट्रिंग तिला मागे ओढून एसीएलवरचा ताण हलका करतात. एसीएल तुटण्याच्या बऱ्याच घटनांत गुडघ्यावर थेट आघात झालेलाच नसतो. अचानक दिशा बदलताना किंवा उडीनंतर एका पायावर उतरताना तो तुटतो. महिला खेळाडूंत हे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळते, मात्र त्याचे खापर केवळ स्नायुबळावर फोडता येत नाही.

स्नायुबळ मोजण्यासाठी आयसोकायनेटिक डायनॅमोमीटर वापरतात. खेळाडूने कितीही जोर लावला तरी हे यंत्र हालचालीचा वेग ठरलेलाच ठेवते (उदा. सेकंदाला ६० अंश) आणि निर्माण झालेला टॉर्क (सांधा फिरवणारा जोर) न्यूटन-मीटरमध्ये नोंदवते. हॅमस्ट्रिंगच्या बळाला क्वाड्रिसेप्सच्या बळाने भागले की जे गुणोत्तर मिळते, ते या वेगाला सुमारे ०.६ असावे असा संकेत आहे. वेग बदलला की हा आकडाही बदलतो, त्यामुळे तो लक्ष्मणरेषा मानू नये. शिवाय यंत्रावर खेळाडू खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला असतो; असे बसून कोणी धावत नाही. म्हणून हॅमस्ट्रिंगचे एक्सेंट्रिक बळ हिशेबात घेणारे ‘कार्यात्मक’ गुणोत्तर अधिक अर्थपूर्ण ठरते. ते १च्या आसपास असणे इष्ट मानतात.

या आकड्यांवरून दुखापतीचे भाकीत करता येते का? ४६२ व्यावसायिक खेळाडूंवरील २००८ सालच्या अभ्यासात, असमतोल दुरुस्त न केलेल्यांना हॅमस्ट्रिंगची दुखापत होण्याचा धोका चार ते पाच पट दिसला. २०१६ मध्ये कतारमधील ६१४ खेळाडूंच्या अभ्यासात मात्र हा संबंध इतका क्षीण निघाला की एकेका खेळाडूबाबत त्यावरून काही ठरवणे शक्य नव्हते. त्याच वर्षी नॉर्वेचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ रोआल्ड बार यांनी अशा चाचण्यांच्या मर्यादेवर बोट ठेवले : दुखापत झालेल्यांचे आणि न झालेल्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मधोमध रेघ ओढताच येत नाही.

गंमत अशी, की भाकीत फसले तरी उपाय लागू पडतो. नॉर्डिक व्यायामात खेळाडू गुडघ्यांवर उभा राहतो, जोडीदार त्याचे घोटे दाबून धरतो आणि खेळाडू धड ताठ ठेवून, हॅमस्ट्रिंगच्या एक्सेंट्रिक जोरावर स्वतःला आवरत सावकाश पुढे झुकतो. ९४२ डॅनिश खेळाडूंवरील २०११ सालच्या प्रयोगात या व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या नव्या दुखापती निम्म्याहून कमी झाल्या; जुन्या दुखापती उलटण्याचे प्रमाण त्याहूनही घटले. सुमारे वीस मिनिटांच्या ‘फिफा ११+’ या वॉर्म-अपमध्येही हा व्यायाम आहे. तरीही युरोपातील अव्वल क्लबांत एकूण दुखापतींमधील हॅमस्ट्रिंगचा वाटा २००१-०२ मधील १२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये २४ टक्क्यांवर गेला. सामन्यांची गर्दी आणि वाढलेला वेग ही कारणे सांगितली जातात, पण बहुतेक क्लब हा व्यायाम नेमाने करून घेत नाहीत, हेही पाहणीत आढळले आहे. सुरुवातीला मांड्या दुखतात, म्हणून तो खेळाडूंनाही नकोसा असतो.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर पुनरागमनासाठी क्वाड्रिसेप्सचे बळ दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावे, असा रूढ निकष आहे; घाई न करता नऊ महिने थांबल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच कमी होतो. या निकषात एक खोच आहे. मधल्या महिन्यांत धडधाकट पायही खेळाविना दुबळा होतो, त्यामुळे तुलना फसवी ठरते. अशा वेळी दुखापतीपूर्वीची नोंद हाताशी असली, तर हंगामाआधीची ती चाचणी भाकितासाठी नाही, तरी इथे उपयोगी पडते.