सकाळी सरळ, सांजेला कुरळे: केसातल्या पाण्याचा हिशेब

२०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि पाणी, शाम्पू, बुरशी असे संशय एकामागून एक पुढे आले. तो प्रकार केस मुळातून सुटण्याचा होता, त्याची चर्चा इथे नको. पण त्या बातम्यांच्या गर्दीत एक जुना समज पुन्हा वर आला: बोरिंगच्या खाऱ्या पाण्यानं सरळ केस कुरळे होतात. होत नाहीत. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी केस राठ करतं, गुंतवतं, त्यांची चमक घालवतं. वळण मात्र टाळूच्या कातडीखालीच पडलेलं असतं. मग लांब कुरळे केस न तोडता सरळ कसे करायचे, आणि सकाळी सरळ केलेले केस सांजेला पुन्हा का वळतात, ते इथे पाहू.

केस ज्या मुळातून उगवतो ते मूळ कातडीत सरळ उभं असेल तर केसही सरळ येतो. ते वाकलेलं असेल तर केसाच्या दोन बाजूंना पेशी सारख्या घडत नाहीत, त्याचा छेद गोल न राहता लांबट होतो आणि केस बाहेर पडतानाच वळण घेऊन येतो. म्हणून जावळ काढून किंवा नवसाला डोकं भादरून केस सरळ होत नाहीत. वस्तरा मुळापर्यंत पोचतच नाही. वयात येताना, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर संप्रेरकांमुळे वळण बदलू शकतं, आणि त्याचं श्रेय त्या सुमारास केलेल्या कुठल्या तरी उपायाला मिळून जातं.

आता लांबीचा हिशेब. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १.२ सेंमी वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या ७० सेंमी वेणीचं टोक जवळपास पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं. पाच उन्हाळे, कापूस वेचणीचे पाच हंगाम, शेकडो धुणी आणि हजारभर वेळा फिरलेला कंगवा त्या टोकानं सोसलेला असतो, आणि केसाला स्वतःची डागडुजी करता येत नाही, कारण तो मेलेला पदार्थ आहे. ‘माझे केस वाढतच नाहीत’ असं म्हणणाऱ्या बहुतेकींचे केस मुळाशी नीट वाढत असतात, फक्त तेवढेच टोकाला तुटत असतात. केस सरळ करण्याची कुठलीही युक्ती लांब केस हव्या असणाऱ्या मुलीनं याच कसोटीवर घासून घ्यावी: यात टोकाचं काय होतं?

केस हा मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. केराटिनच्या साखळ्या मळसूत्री वेटोळ्यांत असतात. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये लीड्सला विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी लोकर आणि केसांवर क्ष-किरण टाकून पाहिलं, तेव्हा ओला केस ताणला की आतल्या रचनेचा नकाशाच बदलतो हे दिसलं. ते वेटोळं नेमकं कसं असतं हे १९५१ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी मांडलं. या साखळ्या एकमेकींना तीन प्रकारच्या बंधांनी धरून असतात. पहिले गंधकाचे बंध: एका साखळीतला गंधकाचा अणू दुसरीतल्या गंधकाशी जोडलेला. हे मजबूत असतात, पाण्याला दाद देत नाहीत. केस जळताना जो उग्र वास येतो तो बराचसा याच गंधकाचा. केसाच्या वजनात ४ ते ५ टक्के गंधक असतं. दुसरे विद्युतभारांचे बंध, जे आम्ल-अल्कलीनं हलतात. तिसरे हायड्रोजन बंध. एकेकटा हायड्रोजन बंध अगदी दुबळा, पण संख्येनं ते अफाट.

पाण्याच्या रेणूलाही हायड्रोजन बंध करता येतात, आणि इथेच सगळी गंमत आहे. केस भिजला की पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, जुने बंध सोडवतात आणि स्वतः तिथे चिकटतात. साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात. पाणी निघून जाताना साखळ्या ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत नवे हायड्रोजन बंध पडतात आणि केस तो आकार धरून ठेवतो. सुती सदऱ्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवतात तेव्हा कापसाच्या सेल्युलोजमध्ये हेच घडतं. कपाशीच्या मुलखात हे वेगळं समजवायला नको.

थोडं आणखी खोलात. अगदी कोरडं केराटिन काचेसारखं कडक असतं आणि ते मऊ पडायला सुमारे १५० अंश सेल्सिअस तापमान लागतं. त्यात पाणी मिसळत गेलं की हे तापमान खाली घसरत जातं, आणि केस पूर्ण भिजला की ते आपल्या अंगणातल्या तापमानाच्याही खाली जातं. म्हणजे पार्लरमधली केस सरळ करायची तापलेली पट्टी कोरड्या केसाला जे १५० अंशांवर करते, तेच काम बादलीतलं पाणी फुकटात करतं. फरक वेळेचा आहे. पट्टीला सेकंद पुरतात, पाण्याला वाळण्याचे तास लागतात.

आणि पाण्यानं बसवलेला आकार पाणीच मोडतं. हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा केसात त्याच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के पाणी असतं; आर्द्रता ६५ टक्के झाली की ते १४-१५ टक्के होतं; केस चिंब भिजला की ३० टक्क्यांपर्यंत जातं. केसाची लांबीही अगदी कोरड्या हवेपासून दमट हवेपर्यंत दोन-अडीच टक्क्यांनी वाढते. हे इतकं भरवशाचं असतं की स्वित्झर्लंडच्या होरास बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाबद्दल लिहिलं आणि तसली यंत्रं हवामान केंद्रांत पुढे दीर्घकाळ वापरात राहिली.

विदर्भात हा प्रयोग दरवर्षी आपोआप होतो. मे महिन्यातल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की एकदा सरळ वाळवलेला केस दोन-तीन दिवस सरळ राहतो. त्रास होतो तो प्लास्टिकच्या कंगव्यानं विद्युतभार चढून केस उभे राहण्याचा. ऑगस्टमध्ये निंदणाला शेतात गेलं की तासाभरात प्रत्येक केस आपापल्या वळणावर परत जातो, शेजारचा वेगळ्या वळणावर, आणि बट पिंजलेल्या कापसासारखी होते. म्हणून उन्हाळ्यात जमलेली रीत पावसाळ्यात फसली तर हाताला दोष देऊ नये.

तर पाण्यानं केस सरळ करायचे कसे? धुण्याआधी अर्धा तास खोबरेल लावून दातांत अंतर असलेल्या कंगव्यानं गुंता सोडवायचा, टोकापासून सुरुवात करून चार बोटं, चार बोटं वर जात. उवांची फणी कुरळ्या केसात या कामाला घालू नये. खोबरेल का, तर त्यातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ रेणूचं असल्यानं केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी निघतात. मुंबईत झालेलं याबद्दलचं २००३ चं संशोधन प्रसिद्ध आहे. ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतलं आहे हे लक्षात ठेवूनही ते पटण्यासारखं आहे.

धुतल्यावर कंडिशनर लावायचा. आठवडी बाजारातली पुडीसुद्धा चालते. त्यातले धनभारित रेणू केसाच्या झिजलेल्या, ऋणभारित जागांवर जाऊन बसतात. मग पंच्यानं पिळायचं नाही, नुसतं दाबून पाणी टिपायचं. केसांचे चार ते सहा भाग करायचे आणि प्रत्येक भागाला मुळापासून टोकापर्यंत दर ४-५ सेंमीवर मऊ कापडाची किंवा जुन्या मोज्याची कडी घालत जायचं. बट सरळ राहील इतकाच ताण द्यायचा. ओला केस कोरड्यापेक्षा सहज ताणला जातो आणि लवकर तुटतो. रोज करकचून बांधलं तर कपाळाकडचे केस मुळातूनच विरळ होत जातात.

शेवटची पायरी बहुतेकींकडून चुकते. केस हाताला कोरडे लागले तरी आत ओल असते, आणि कड्या तेव्हाच काढल्या तर उरलेलं पाणी निघून जाताना केस पुन्हा वळतो. बंध बसतात ते या शेवटच्या टप्प्यात. मेमध्ये सावलीत दीड-दोन तास पुरतात, पावसाळ्यात पंख्याखाली पाच-सहा तासही लागतात. रात्री ओल्या केसांवर झोपू नये.

केस लांब होत गेला की वजनाचीही थोडी मदत होते. ७० सेंमीचा मध्यम जाडीचा केस साधारण साडेतीन मिलिग्रॅमचा असतो, आणि त्या ओझ्यानं मुळाकडचं वळण सैल होतं. पण टोकाखाली लोंबायला काहीच नसतं. त्यामुळे लांब कुरळ्या केसांची शेवटची वीतभर लांबी नेहमीच जास्त कुरळी दिसते, आणि कड्या तिथे एकमेकींच्या जास्त जवळ घालाव्या लागतात.

केस बसवून ठेवायला विदर्भात एक गोष्ट घरोघर सापडते: जवस. पाव वाटी जवस, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, छोट्या गंजात (पातेल्यात) दोन वाट्या, म्हणजे ३०० मिलि पाण्यात घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत पाण्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार येऊ लागते. त्याच क्षणी उतरवून, गरम असतानाच पातळ ओढणीतून गाळायचं. थंड होऊ दिलं तर बुळबुळीत गोळा होतो आणि एक थेंब खाली येत नाही. हा बुळबुळीत पदार्थ म्हणजे बियांच्या सालीतली लांब साखळ्यांची शर्करा. ओल्या केसांवर लावली की वाळताना तिची बारीक पापडी धरते आणि बट एकत्र राहते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर उन्हाळ्यात एक दिवस. मात्र जवसाचं तेल केसांना चोळू नका. ते वाळणारं तेल आहे. हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन घट्ट होतं, म्हणून तर ते रंगात आणि वॉर्निशात घालतात. केसांवर त्याचा चिकट थर बसतो. आणि ऑगस्टच्या दमट हवेत जवसाची ही पापडीही ओल ओढून मऊ पडते. तिथे सिलिकॉनचं सीरम घरगुती उपायांपेक्षा सरस ठरतं, ‘नैसर्गिक’वाल्यांना राग आला तरी.

खाऱ्या पाण्यावर उपाय म्हणून लिंबू सांगितलं जातं. कल्पना बरोबर आहे: कठीण पाण्यात साबणाचा कॅल्शियमयुक्त साका केसावर बसतो आणि आम्लानं तो सुटतो, वर केसाच्या बाहेरच्या थरावरचे बारीक खवलेही मिटतात. पण बोरिंगच्या पाण्यातच चमचाभर लिंबू पिळलं तर त्यातले बायकार्बोनेट ते आम्ल संपवून टाकतात. शेवटचं धुणं पावसाच्या किंवा आरओच्या १ लिटर पाण्यानं करावं, त्यात अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस. अंगाचा साबण आणि धुण्याचा सोडा डोक्याला लावूच नये. रिठा-शिकेकाईचा किंवा शाम्पूचा असा साका होत नाही.

तापलेली पट्टी वापरायचीच असेल तर केस आधी पूर्ण कोरडे हवेत. ‘चर्र’ आवाज आला तर आतल्या पाण्याची वाफ होते आहे, आणि ती वाफ केसात बुडबुडे करून त्याला आतून फोडते. १५० ते १८० अंश, दोन बोटांएवढी बट, एकच सावकाश फेरा. कपड्यांच्या इस्त्रीचा सुती कापडाचा आकडा २०० अंशांच्या आसपास जातो, ती केसांवर फिरवणं म्हणजे वेणी कापण्याचाच लांबचा मार्ग.

लग्नसराईत तालुक्याच्या पार्लरमध्ये होणारं रिबाँडिंग थेट गंधकाचे बंध तोडतं. थायोग्लायकोलेटच्या क्रीमनं बंध सोडवायचे, केस सरळ करायचे, मग हायड्रोजन पेरॉक्साइडनं बंध पुन्हा जोडायचे. सगळे पुन्हा जुळत नाहीत. शिवाय मुळातून दर महिन्याला १.२ सेंमी कुरळा केस येतच राहतो, आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर केस तुटतो. नव्या वाढीला क्रीम लावताना ते जुन्या भागावर गेलं की तिथून तो हमखास जातो. धातूचे क्षार असलेली काळी मेहंदी आधी लावली असेल तर पेरॉक्साइडशी गाठ पडून केस गरम होतात, जळतातही. पार्लरवालीला ते आधी सांगावं. ‘केराटिन ट्रीटमेंट’ हे नाव तर शुद्ध जाहिरात आहे. केस सरळ ठेवतं ते केराटिन नव्हे. ते काम बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायऑक्झिलिक आम्ल करतं. पहिलं कर्करोगकारक आहे. दुसऱ्याबद्दल २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका तरुणीची नोंद आली: प्रत्येक वेळी केस सरळ करून घेतल्यावर तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती. हे आम्ल शरीरात ऑक्झलेट होऊन त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचू शकतात.

आता गुंत्याबद्दल, कारण लांब कुरळ्या केसांचा खरा शत्रू तोच. केसावरचे खवले टोकाकडे तोंड करून असतात. एक गळालेला केस अंगठा आणि बोटात धरून मागेपुढे चोळा. तो मुळाकडच्या टोकानं पुढे सरकत जाईल, उलटा येणार नाही. रोज ५० ते १०० केस गळतात. सरळ केसांतून ते खाली पडतात, कुरळ्यांत अडकून राहतात आणि मूळ पुढे करून गुंत्यात आत आत शिरतात. महिनाभर विंचरलं नाही तर दीड-दोन हजार मेलेले केस त्या गुंत्यात शिवल्यासारखे बसतात. त्यावर तेल, घाम, धूळ, आणि हळद-कुंकू वाहायला सुरुवात झाली की झाली देवीची जट. तिला कात्री लावली तर कोप होतो म्हणून बायका वर्षानुवर्षं मान मोडेपर्यंत ते ओझं वागवतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा कितीतरी जटा कापल्या आहेत. आत निघतं ते केराटिन, मळ आणि कधी उवा. सुरुवातीचा गुंता असेल तर खोबरेल आणि कंडिशनर मुरवून, टोकाकडून, बोटांनीच धागे सोडवावेत. तासभर लागला तरी केस वाचतात.

झोपताना सैल वेणी आणि उशीला जुन्या सिंथेटिक साडीचा अभ्रा, सुती अभ्र्यावर केस घासतात. शेतात जाताना वेणी रुमालाखाली. टोकं दुभंगू लागली की फाटत वर येतात, म्हणून दर चार महिन्यांनी केस कोरडे आणि सरळ असताना धारदार कात्रीनं १ सेंमी कापावेत. ब्लेडनं किंवा बोथट कात्रीनं टोक चिरडतं आणि तिथूनच पुन्हा फाटतं. वर्षाला ३ सेंमी गेले तरी ११ सेंमी हाती राहतात.