उष्ण-कोरड्या हवामानातील गुलाब

उष्ण-कोरड्या हवामानातील गुलाब : कडक ऊन, अपुरा पाऊस आणि चुनखडीची जमीन असलेल्या प्रदेशात बागेतील गुलाबाची लागवड व निगा. या नोंदीत प्रामुख्याने दख्खनच्या पठारावरील लागवडीचा विचार केला आहे.

गुलाबाची इंग्रजी पुस्तके इंग्लंडच्या हवेत लिहिली गेली. तिथले झाड हिवाळ्यात निजते आणि जूनमध्ये बहरते. पठारावर हे चक्र उलटे फिरते. सोलापूर, जळगाव किंवा नागपूरकडे झाडाच्या विश्रांतीचे महिने म्हणजे एप्रिल आणि मे. खरा बहर डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर येणारे फूल लहान, कमी पाकळ्यांचे आणि फिक्या रंगाचे असते. गडद लाल जातींच्या पाकळ्यांच्या कडा तर उन्हाने काळ्या पडतात. त्या दिवसांत खत टाकून झाडाला फुलायला भाग पाडणे म्हणजे त्याच्या जिवावर उठणे होय. जाणते लोक खत थांबवतात, दिसतील त्या कळ्या खुडतात आणि पाने तेवढी टिकवतात.

छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला करतात. त्यानंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत फुले येतात. थंड देशांत काही जातींना अगदी बुडाशी छाटायची रीत आहे. इथे ती अंगलट येते. उघड्या पडलेल्या फांदीची साल नैर्ऋत्येच्या उन्हाने भाजते आणि तिथूनच फांदी शेंड्याकडून वाळत जाते. म्हणून छाटणी मध्यम ठेवून कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावतात. छाटणीच्या सुमारास पाणी तोडून मुळे काही दिवस उघडी ठेवायची जुनी पद्धतही आहे. ज्या हवेत झाड आपणहून निजत नाही तिथे त्याला निजवण्याचा हा उपाय. भारी जमिनीत तो निभतो, हलक्या मुरमाड जमिनीत मात्र झाडच गमावण्याची पाळी येते.

उन्हापेक्षा जमिनीने मारलेले गुलाब अधिक. गुलाबाला किंचित आम्लधर्मी माती, सामू (pH, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ६ ते ६.५, मानवते. पठारावरच्या काळ्या मातीचा सामू सहसा ७.५ ते ८.५ असतो. चुनखडीमुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी कमी पडले असे समजून माणूस आणखी पाणी घालतो आणि दुखणे वाढते. नुसते हिराकस (लोहाचे सल्फेट) मातीत टाकले तर चुना तेही अडवतो. ते शेणखतात मिसळून द्यावे किंवा चिलेटेड लोह, म्हणजे चुन्याने अडणार नाही अशा रूपातले लोह, वापरावे. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडून मुळे तुटतात ते वेगळेच. त्यामुळे सुमारे ६० सेंमी खोल खड्डा घेऊन तळाशी निचऱ्यासाठी मुरूम आणि वर पोयटा व कुजलेले शेणखत भरतात.

याच कारणाने कलमाचा खुंट फुलाच्या जातीइतकाच महत्त्वाचा ठरतो. बाजारातला गुलाब बहुधा डोळा भरलेला असतो, म्हणजे वरचे झाड एका जातीचे आणि मुळे दुसऱ्या. मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा खुंट चुनखडीत लवकर पिवळा पडतो. इंडिका ओडोराटा खुंट अशा जमिनीत जास्त तग धरतो. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात ‘डॉ. ह्युई’ हा खुंट सर्वत्र आढळतो. तो मुळात बागेसाठीच काढलेला वेली गुलाब. काढणारे जॉर्ज टॉमस गोल्फची मैदाने आखण्यासाठीही प्रसिद्ध होते. वरचे कलम मेले की या खुंटाला गडद लाल फुले येतात आणि गुलाबाने रंग बदलला असे मालकाला वाटते. आपल्याकडे सात पानांची फांदी ती जंगली, असा समज आहे. तो भरवशाचा नाही. डोळा भरलेल्या जागेच्या खालून निघालेला फुटवा जंगली. तो कापण्याऐवजी मुळाशी ओरबाडून काढावा.

पाणी रोज वरवर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड खोलवर द्यावे. ठिबक उत्तम. बुंध्याभोवती उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला पाच-सात सेंमी जाडीचा पसरला की माती तापत नाही. वाळवी लागू नये म्हणून तो खोडापासून थोडा दूर ठेवावा. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली ही जागा सर्वांत चांगली. पश्चिमेची भिंत टाळावी, ती सूर्यास्तानंतरही आग ओकत असते. गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळे शिजतात. तिथे मातीची कुंडी बरी.

कोरड्या उन्हाळ्याची खरी कीड लाल कोळी. पानावर आधी सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके येतात, मग पान तांबूस होऊन गळते. खालच्या बाजूला बारीक जाळी दिसते. संशय आला की पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. पडलेले ठिपके चालू लागले तर कोळीच. सकाळी पानांच्या खालून जोरात पाणी मारल्याने तो बराच आटोक्यात राहतो. सरसकट कीटकनाशके फवारल्यास कोळी खाणारे मित्रकीटकच आधी मरतात.

जातींच्या निवडीत गुच्छाने फुलणारे फ्लोरिबंडा मोठ्या फुलांच्या हायब्रिड टीपेक्षा जास्त सोसतात, आणि चायना व टी हे गुलाबांचे जुने वर्ग त्याहून अधिक. राजस्थानात हळदीघाटी परिसरातला चैत्री गुलाब वर्षातून एकदाच, नावाप्रमाणे चैत्रात फुलतो. अत्तर-गुलकंदासाठी तो पहाटे तोडतात, कारण ऊन चढले की वास उडतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत गव्हाचे पैदासकार बेंजामिन पिअरी पाल यांनी हौसेने गुलाब पैदास केली. ‘दिल्ली प्रिन्सेस’ (१९६३) हा त्यांचा फ्लोरिबंडा. त्यांच्यानंतर विरू वीरराघवन यांनी प्रशासकीय सेवा सोडून कोडाईकनालला वेगळी वाट धरली. आधुनिक गुलाब थंड प्रदेशांतल्या पूर्वजांवर बेतलेला आहे, म्हणून त्यांनी भारतातलेच रानगुलाब संकरासाठी घेतले : मणिपूरकडचा जायगँटिया, आणि बंगाल-बिहारच्या नदीकाठचा, पावसाळ्यात पाण्याखाली जाऊनही जगणारा क्लिनोफायला.